‘इक्विपॉइज’ला मराठीत काय म्हणावे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. एका औषधचाचणीच्या संमतीपत्रकाचे मराठी भाषांतर आपल्याकडे तपासणीसाठी आले आहे. मूळ इंग्रजीत जिथे ‘क्लिनिकल इक्विपॉइज’ असे शब्द आहेत, तिथे भाषांतरकाराने ‘वैद्यकीय समतोल’ असे लिहिले आहे आणि ते वाचून आपल्याला स्वतःलाच काही बोध झाला नाही. म्हणून ‘इक्विपॉइज’चा नेमका अर्थ काय, तो शब्द आला कुठून, ‘बॅलन्स’ आणि ‘इक्विलिब्रियम’ यांच्याहून तो खरोखर वेगळा आहे की नुसता भारदस्त पर्याय आहे, आणि मराठीत तिथे काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

प्रश्न चार दिसत असले तरी माझ्या मते अडचण एकच आहे. इंग्रजीतले तीन निराळे शब्द आपण मराठीत ‘समतोल’ या एकाच गोणीत भरतो, आणि मग गोणी उघडणाऱ्याला आत नेमके काय आहे हे कळत नाही. बहुतेक वेळा त्याने फारसे बिघडत नाही. संमतीपत्रकात मात्र बिघडते, कारण तिथे वाचणारा माणूस त्या शब्दावर विसंबून स्वतःचे शरीर दुसऱ्याच्या हाती देत असतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी माझ्याविषयी दोन शब्द सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यावर उभे आहे. मी नाशिकमध्ये पंचवीसेक वर्षे इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात असल्यामुळे वैद्यकीय मजकुराचे काम इथे मुबलक असते. त्याआधी, म्हणजे शाळेत असताना, माझ्या सुट्ट्या भांडी बाजाराजवळच्या एका बोळात वडिलांच्या दुकानात गेल्या. वडील तागड्या आणि काटे दुरुस्त करत. त्यामुळे या शब्दांतली वस्तू मला शब्दांच्या बरीच आधी भेटली.

आता व्युत्पत्ती पाहू. ‘इक्विपॉइज’चे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा लॅटिन ‘एक्वुस’पासून आला आहे आणि त्याचा अर्थ सम, समान. ‘इक्वल’, ‘इक्विटी’, ‘इक्वेटर’, ‘अॅडिक्वेट’ हे सगळे त्याच घरातले. घोड्याला लॅटिनमध्ये ‘इक्वुस’ म्हणतात. तो शब्द कानाला जवळचा वाटला तरी निराळा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण हा शब्द इंटरनेटवर शोधला तर पहिल्या काही पानांत घोड्यांसाठी बनवलेल्या आणि पुढे व्यायामशाळांत पोहोचलेल्या एका स्टेरॉइडचीच माहिती दिसण्याची शक्यता आहे. ते त्या औषधाचे व्यापारी नाव आहे. आपल्या संमतीपत्रकाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरा तुकडा ‘पॉइज’ हा जास्त रसाळ आहे. आज इंग्रजीत त्याचा अर्थ डौल, संयत वागणूक असा होतो, पण मध्ययुगीन इंग्रजीत तो सरळसरळ ‘वजन’ या अर्थाने वापरत. तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘पॉइस’ किंवा ‘पेइस’वरून आला आणि तो फ्रेंच शब्द लॅटिन ‘पेन्सुम’वरून. ‘पेन्सुम’ म्हणजे तोललेले, तोलून दिलेले. रोमन घरांत दासींना दिवसभराच्या सूतकताईसाठी जी लोकर तोलून देत, तिला हाच शब्द होता, आणि त्यावरून ‘नेमून दिलेले काम’ असाही अर्थ त्याला चिकटला. मूळ क्रियापद ‘पेन्देरे’, म्हणजे टांगणे आणि टांगून तोलणे. तागडी टांगल्याशिवाय तोलता येत नाही, हे डोळ्यांसमोर आणले की दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात का राहतात हे वेगळे समजवावे लागत नाही.

या एका क्रियापदाची पिलावळ आपल्या रोजच्या मराठीत केवढी आहे ते पाहा. ‘पेंडुलम’ टांगलेला असतो. नोकरीतून ‘सस्पेंड’ झालेला माणूस अधांतरी लटकलेला असतो. ‘पेन्शन’ म्हणजे मुळात तोलून चुकते केलेले पैसे, कारण नाणी रूढ होण्यापूर्वी रोमन लोक तांबे तोलून देणे भागवत, आणि त्यामुळे त्यांच्या भाषेत तोलणे व पैसे देणे हे एकच झाले. ‘एक्स्पेन्स’, ‘स्टायपेंड’, ‘कॉम्पेन्सेशन’ हे त्याच वाटेने आले. आपणही ‘त्या घरासाठी त्याने चाळीस लाख मोजले’ असे म्हणतो, तेव्हा देणे हा अर्थ मोजण्याच्या क्रियापदावरच लादतो. ते तोलत आले, आपण मोजत आलो.

फ्रेंचमध्ये वजनाला आज ‘प्वा’ म्हणतात आणि तो शब्द लिहिताना शेवटाजवळ एक मूक ‘द’ असतो. तो ‘द’ पंडितांनी नंतर घुसडला, कारण हा शब्द ‘पोन्दुस’ या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून आला असावा अशी त्यांची चुकीची समजूत झाली होती. शुद्धलेखनातल्या अशा घुसखोऱ्या सगळ्याच भाषांत होतात. विज्ञानाच्या पुस्तकात द्रवाच्या दाटपणाचे ‘पॉइज’ नावाचे एकक भेटते, ते मात्र प्वाझय या फ्रेंच वैद्याच्या नावावरून पडले आहे. आपल्या ‘पॉइज’शी त्याचे नाते नाही.

इंग्रजीत आधी ‘ईक्वल पॉइज’, म्हणजे ‘सारखे वजन’, असे दोन सुटे शब्द लिहीत. सतराव्या शतकात ते जुळून ‘इक्विपॉइज’ झाला. तेव्हा त्याचा मूळ आणि आजही न सुटलेला अर्थ असा: दोन गोष्टींचे वजन सारखे असणे, आणि त्यामुळे कोणतेही पारडे खाली न जाणे.

‘बॅलन्स’ची कथा यापेक्षा सोपी आहे. ‘बि’ म्हणजे दोन, ‘लांक्स’ म्हणजे ताटली किंवा पारडे. दोन पारड्यांचे साधन ते ‘बिलांक्स’, आणि त्याचेच फ्रेंचमार्गे ‘बॅलन्स’ झाले. तो मुळात एका वस्तूचा शब्द आहे, आपल्या ‘तराजू’सारखा. ‘इक्विलिब्रियम’मध्ये ‘एक्वुस’ आहेच, जोडीला ‘लिब्रा’ आहे. ‘लिब्रा’ म्हणजे तराजू, आणि वजनाचे एक मापही. पौंडाचे संक्षिप्त रूप लिहिताना इंग्रजीत जी ‘एल-बी’ अक्षरे लिहितात, ती या ‘लिब्रा’चीच. राशिचक्रातली तूळ ती हीच. सुताराची आणि गवंड्याची ‘लेव्हल’ ही ‘लिबेल्ला’, म्हणजे छोटी ‘लिब्रा’, हिच्यापासून आली.

तेव्हा तिन्ही शब्द तागडीपासूनच निघाले. मग फरक कुठे पडला? हे मला कोणत्याही शब्दकोशापेक्षा वडिलांच्या दुकानात जास्त नीट कळले, म्हणून तिथला एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो.

एकदा एका किराणा दुकानदाराने पितळी पारड्यांची जुनी तागडी आणली. त्याचे म्हणणे असे की, तागडी अगदी बरोबर आहे, पण एक गिऱ्हाईक फार कटकट करते. वडिलांनी ती आकड्याला टांगली. रिकामी तागडी काट्यावर आली, दांडी आडवी सरळ, जणू गवंड्याने लेव्हल लावून बसवलेली. मला वाटले, झाले, दुकानदार खरे बोलतो. वडिलांनी एका पारड्यात किलोचे वजन ठेवले आणि दुसऱ्या पारड्यात हळूहळू शेंगदाणे टाकत दांडी पुन्हा सरळ केली. मग कोणतीही घाई न करता त्यांनी अदलाबदल केली. वजन होते तिथे शेंगदाणे आणि शेंगदाणे होते तिथे वजन. दांडी एका बाजूला सपकन खाली गेली.

दांडीच्या दोन बाजूंची लांबी सारखी नव्हती. मधल्या टेकूपासून एक बाजू किंचित आखूड होती, आणि तो फरक लपवण्यासाठी कोणीतरी एका पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवून पासंग घातला होता. रिकामी असताना तागडी सरळ दिसे, माल भरल्यावरही सरळ दिसे, पण लांब बाजूला थोडे कमी वजनही आखूड बाजूच्या जास्त वजनाला पुरून उरे. दुकानदाराने हे मुद्दाम केले होते की तागडी तशीच त्याच्या गळ्यात पडली होती, हे वडिलांनी विचारले नाही. त्यांनी दांडीच बदलायला सांगितली आणि पडताळणीचे मुद्रांकन नव्याने करून घ्यायला पाठवले.

त्या दिवशीची ती सरळ दांडी म्हणजे ‘इक्विलिब्रियम’. हलणे थांबले आहे, सगळी ओढाताण एकमेकींना छेदून शून्य झाली आहे, अशी ती स्थिती आहे. पण पारड्यांतली वजने सारखी नव्हती, म्हणजे तिथे ‘इक्विपॉइज’ नव्हता. स्थिरता असली म्हणून समभार असतोच असे नाही. लासलगावच्या बाजारात पूर्वी दिसणारी एकाच पारड्याची, दांडीवर वजन सरकवत नेण्याची तागडी तर या असमान भुजांवरच चालते. तिथे एक छोटेसे वजन गोणीभर मालाला तोलून धरते आणि दांडी तरीही सरळ राहते. ‘इक्विलिब्रियम’ तिथे आहे, ‘इक्विपॉइज’ नाही.

म्हणून मी भाषांतर करताना एकच प्रश्न स्वतःला विचारतो: इथे पारड्यांत काय आहे? वाक्यात फक्त दांडीच्या स्थितीविषयी बोलणे असेल, म्हणजे रसायनातल्या दोन्ही दिशांच्या क्रियांचा वेग सारखा झाला आहे किंवा मागणी आणि पुरवठा एका किमतीला भेटले आहेत, तर तो ‘इक्विलिब्रियम’ आहे आणि त्याला ‘समतोल’ किंवा ‘संतुलन’ शोभते. पाठ्यपुस्तकांतही तेच रूढ झाले आहे. दोन पक्ष, दोन पुरावे, दोन शक्यता एकमेकांसमोर ठेवून त्यांचे वजन सारखे भरते असे म्हणायचे असेल, तर तो ‘इक्विपॉइज’. आणि ‘बॅलन्स’ हा बहुरूपी असल्यामुळे त्याला मराठीत एकच शब्द शोधण्याचा हट्ट मी केव्हाच सोडला आहे. बँकेतला ‘बॅलन्स’ ही शिल्लक असते, कारण खात्याच्या दोन बाजू सारख्या करायला जेवढे कमी पडते तेवढी ती रक्कम. ‘बॅलन्स शीट’ हा ताळेबंद. सायकलवरचा ‘बॅलन्स’ हा तोल. आहाराचा ‘बॅलन्स’ हा समतोल.

आपल्या भाषेत या बाबतीत दारिद्र्य मुळीच नाही, हे इथे सांगायला हवे. बाजारातच पाहा. पारडे जड होते, पारडे फिरते, कोणी झुकते माप देतो, कोणी काटा मारतो, कोणी तोलून मापून बोलतो, एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. रिकाम्या भांड्याच्या वजनाइतके वजन समोरच्या पारड्यात टाकून दोन्हीकडचा भार सारखा करण्याला जुने दुकानदार ‘धडा करणे’ म्हणत. तेलाचे भांडे घेऊन गेलेल्या माणसाला ‘आधी धडा करा’ असे सांगावे लागे. ‘इक्विपॉइज’ साधण्याच्या क्रियेला इतका नेमका शब्दप्रयोग इंग्रजीतही सहज सापडायचा नाही. दुर्दैवाने आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर बटण दाबले की भांड्याचे वजन शून्य होते आणि शब्दही त्याबरोबर शून्य होत चालला आहे.

शास्त्रीय परंपरेतही जवळच्या कल्पना आहेत. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, एखाद्या अनुमानासमोर त्याच्या उलट सिद्ध करणारा तितकाच सबळ हेतू (म्हणजे कारण) उभा राहिला, तर पहिल्या हेतूला ‘सत्प्रतिपक्ष’ म्हणतात आणि मग दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. व्याकरणकार दोन सारख्या ताकदीच्या नियमांच्या झगड्याला ‘तुल्यबलविरोध’ म्हणतात. ‘तुल्यबळ’ हा शब्द तर आजही कुस्तीच्या आणि निवडणुकीच्या बातम्यांत जिवंत आहे. त्यातला ‘तुल्’ हा धातू उचलण्याचा आणि तोलण्याचा, आणि ग्रीकमध्ये तराजू व वजन या अर्थाचा जो ‘तालान्तोन’ शब्द आहे, ज्यावरून इंग्रजीतला ‘टॅलेंट’ आला, तो याच धातूचा दूरचा भाऊबंद आहे. ‘सम’ आणि इंग्रजी ‘सेम’ यांचेही नाते असेच जुने आहे. गीतेतले ‘समत्व’ मात्र इथे ओढू नये. ती सुखदुःखांत न हलणाऱ्या मनाची अवस्था आहे. तिच्यासाठी इंग्रजीत ‘इक्वॅनिमिटी’ हा वेगळा शब्द आहे.

आता आपल्या संमतीपत्रकाकडे येऊ. ‘क्लिनिकल इक्विपॉइज’ ही संज्ञा मॅकगिल विद्यापीठातील नीतिशास्त्रज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या लेखात मांडली. त्यांच्यासमोरची अडचण खरी होती. रुग्णाला जे उत्तम तेच द्यायचे, ही डॉक्टरची जबाबदारी. मग चाचणीत निम्म्या रुग्णांना एक उपचार आणि निम्म्यांना दुसरा, तोही जवळजवळ चिठ्ठ्या टाकून, हे त्याने कोणत्या तोंडाने करावे? त्याला जर दोहोंपैकी एक किंचित बरा वाटत असेल, तर दुसरा देणे ही प्रतारणा ठरत नाही का?

तोवर प्रचलित असलेले उत्तर असे होते की, डॉक्टरच्या स्वतःच्या मनात दोन्ही पारडी अगदी काट्यावर असली पाहिजेत. फ्रीडमन यांनी दाखवले की असा तोल क्षणभंगुर असतो; पासंगाएवढा पुरावा आला, चार रुग्ण लवकर बरे झालेले दिसले, की तो मोडतो, आणि मग कोणतीही चाचणी शेवटापर्यंत नेता येणार नाही. त्यांनी तागडी एका डॉक्टरच्या मनातून काढून तज्ज्ञांच्या समुदायात टांगली. एखाद्या डॉक्टरचे झुकते माप एका बाजूला असू शकते. पण त्या विषयातल्या जाणकारांमध्ये कोणता उपचार श्रेष्ठ याविषयी प्रामाणिक मतभेद असतील आणि ते मिटवण्याइतका पुरावा कोणाकडेच नसेल, तर ती ‘क्लिनिकल इक्विपॉइज’ची स्थिती होय आणि तोवर चाचणी करणे नैतिक ठरते. पुरेसा पुरावा जमून पारडे खरोखर झुकले की चाचणी थांबवायची.

पाहा, इथे ‘समतोल’ म्हटल्याने काय होते. ‘समतोल’ हा मराठीत स्तुतीचा शब्द आहे. समतोल आहार, समतोल विचार, समतोल विकास. ऐकणाऱ्याच्या मनात तो काहीतरी चांगले, सुरक्षित, जपून केलेले अशी भावना जागवतो. मूळ संज्ञा मात्र एका अज्ञानाची कबुली आहे: कोणते औषध चांगले हे आम्हाला ठाऊक नाही. आपण ज्या वाक्यात ‘ठाऊक नाही’ हे सांगायला बसलो, त्यातून वाचकापर्यंत ‘सगळे ठीक आहे’ असे पोहोचते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संमतीपत्रकात मी ‘दोन्ही उपचारांमध्ये वैद्यकीय समतोल असल्याने’ असे वाक्य लिहिले होते आणि ते तसेच मंजूरही झाले. पुढे त्या अभ्यासाच्या समन्वयकाने मला दूरध्वनी करून सांगितले की, सिन्नर तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी ते पान वाचून म्हणाले, “म्हणजे औषध समतोल आहे, उष्ण पडायचे नाही.” त्यांनी सहीसाठी पेन मागितलेही होते. समन्वयक जागरूक होता, त्याने थांबवून सगळे पुन्हा समजावले. त्या गृहस्थांनी मग दोन दिवस मागून घेतले, असे मला कळले. त्यांनी शेवटी सही केली की नाही हे मी विचारले नाही, आणि विचारायला नकोच होते. पण ते दोन दिवस त्यांना माझ्या वाक्यामुळे मिळाले नव्हते, समन्वयकामुळे मिळाले होते, हे मला लागले.

तेव्हापासून मी सहभागी व्यक्तीने वाचायच्या भागात ‘इक्विपॉइज’साठी नाम वापरतच नाही. त्या जागी वाक्ये लिहितो, साधारण अशी: ‘या आजारावर हे दोन उपचार वापरले जातात. दोहोंपैकी कोणता जास्त गुणकारी आहे, हे या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांनाही आज खात्रीने सांगता येत नाही. ते समजून घेण्यासाठीच हा अभ्यास आहे. आपल्याला कोणता उपचार मिळेल हे आपले डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठी टाकून ठरवावे तसे ते ठरेल.’ एका शब्दाची पाच वाक्ये झाली, पण २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनी अपेक्षाच अशी ठेवली आहे की, सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी. समजणे ही अट आहे, शब्दाला शब्द ही अट नाही.

अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि आपल्या हातातला चाचणीचा मूळ आराखडा मी पाहिलेला नसल्याने काही गोष्टी आपण स्वतः ताडून पाहाव्यात. एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला नुसती बिनऔषधाची गोळी असेल, तर ‘दोन उपचार’ असे लिहिणे दिशाभूल करणारे ठरेल. तिथे बिनऔषधाची गोळी मिळण्याची शक्यता स्पष्ट सांगावी लागेल. नवे औषध जुन्यापेक्षा चांगले आहे का हे न पाहता, जुन्याहून फारसे कमी पडत नाही ना एवढेच पाहणारी चाचणी असेल, तर ‘कोणता जास्त गुणकारी’ हे शब्दही बदलावे लागतील. सगळ्यांना एकच उपचार मिळणार असेल, तर मुळात ‘इक्विपॉइज’चे वाक्य तिथे कसे आले, हे प्रायोजकालाच, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्यालाच, विचारावे; मूळ मजकूर दुसऱ्या अभ्यासातून उचलून डकवलेला असण्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

चाचणीची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीसाठीचा सारांश, प्रबंध किंवा तज्ज्ञांसाठीचा लेख असेल, तर मात्र एक पारिभाषिक नाम हवेच. तिथे मी ‘समभार’ लिहितो, पहिल्या वेळी ‘चिकित्सकीय समभार’ असे पूर्ण, आणि त्याच वाक्यात अर्थ उलगडून सांगतो. ‘तुल्यबळ’ हा शब्द मला जास्त आवडतो, कारण तो लोकांच्या तोंडी आहे, पण त्याला सामन्याचा वास आहे. दोन औषधे एकमेकांशी झुंजत आहेत असे वाटते, आणि शिवाय ती खरोखर सारख्या ताकदीची आहेत असाही समज होतो. सारखे आहेत हे ठाऊक असणे आणि कोणते जड हे ठाऊक नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘समभार’लाही हा दोष काही प्रमाणात लागतो, हे मी कबूल करतो. इंग्रजी शब्दाला तो तसाच लागतो. वजन उपचारांचे सारखे नसते, त्यांच्या बाजूने आज हाती असलेल्या पुराव्याचे सारखे असते. म्हणून शक्य तिथे मी ‘पुराव्याचा समभार’ असे लिहितो.

वैद्यकाबाहेर हा शब्द आला, तर इतके ताणू नये. एखाद्या लेखात दोन राजकीय पक्षांच्या ताकदीबद्दल तो आला असेल, तर ‘तुल्यबळ’ उत्तम. चित्राच्या किंवा इमारतीच्या रचनेबद्दल असेल, तर ‘समतोल’ला माझी हरकत नाही. नर्तकीच्या उभे राहण्याबद्दल असेल, तर ‘तोल’ पुरतो. नुसता ‘पॉइज’ माणसाच्या वागण्याविषयी आला असेल, तर त्यात वजनाचा जुना अर्थ दडलेला आहे हे लक्षात ठेवून ‘भारदस्तपणा’ किंवा ‘संयत डौल’ असे प्रसंगानुसार निवडावे. आपणही ‘वजनदार माणूस’ म्हणतो तेव्हा किलोविषयी बोलत नसतो.

एक व्यावहारिक सूचना राहिली. आपण ‘वैद्यकीय समतोल’ खोडून वरीलप्रमाणे वाक्ये घातलीत, तर उलट भाषांतर करणारी व्यक्ती त्यांचे सरळ इंग्रजी करील, आणि प्रायोजकाकडून हमखास शेरा येईल की मूळ संज्ञा भाषांतरात गळली आहे. घाबरून ‘समतोल’ परत आणू नका. मी अशा वेळी भाषांतराच्या प्रमाणपत्रासोबत तीन ओळींचा खुलासा जोडतो: मराठीतील ‘समतोल’ हा शब्द सामान्य वाचकाला ‘सुरक्षित, निर्धोक’ असा भासतो; मूळ संज्ञेचा आशय ‘श्रेष्ठ उपचार कोणता याविषयी तज्ज्ञांमध्ये असलेली अनिश्चितता’ असा आहे; म्हणून तो आशय पूर्ण वाक्यांत दिला आहे. आजवर हा खुलासा एकदाच परत आला, आणि तोही त्यावर माझी सही राहिली होती म्हणून.